गिरणी तारदेवला, कचेरी कोटात : मुंबईच्या कापडउद्योगातील बाह्यसेवांचा इतिहास

कोणत्याही कारखान्याला माल तयार करण्याखेरीज आणखी बरेच काही करावे लागते. भांडवल उभे करणे, कच्चा माल पारखून घेणे, तयार माल विकून त्याची वसुली करणे, विमा उतरवणे, हिशेब तपासून घेणे, वकिलाचा सल्ला घेणे आणि कामगार मिळवणे ही सगळी कामे यंत्राच्या खडखडाटापासून दूर चालतात. मात्र ती नीट झाली नाहीत तर यंत्रही फार काळ चालत नाही. यांपैकी कोणती कामे स्वतःच्या नोकरांकडून करून घ्यावीत, कोणती बाहेरच्यांकडे सोपवावीत आणि हे बाहेरचे कोणत्या पेढीतले, कोणत्या शहरातले असावेत, हा प्रश्न आज आउटसोर्सिंग या नावाखाली चर्चिला जातो आणि पुष्कळदा तो संगणकाच्या काळात जन्मल्यासारखा मांडला जातो. मुंबईच्या सूतगिरण्यांसमोर हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच उभा होता आणि त्यांनी त्याला दिलेले उत्तर आजच्या कोणत्याही उत्तरापेक्षा अधिक टोकाचे होते, कारण एखाददुसरी सेवा नव्हे तर संपूर्ण कारभारच गिरण्या बाहेरच्या पेढीकडून विकत घेत असत.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी स्थापन केली आणि १८५६ च्या आरंभी तारदेवच्या त्या गिरणीत सूत निघू लागले. पाच लाख रुपयांचे भांडवल पाच हजार रुपयांच्या शंभर भागांत विभागलेले होते आणि ते शहरातील मोजक्या बड्या व्यापाऱ्यांनी घेतले होते. या व्यापाऱ्यांचा पैसा आणि लक्ष कापूस, अफू, हुंडी आणि जहाजे यांत गुंतलेले होते. रोज गिरणीत जाऊन बसण्याची त्यांची तयारी नव्हती आणि ते ज्ञानही त्यांच्याकडे नव्हते. शिवाय भागधारकाची जबाबदारी त्याने घेतलेल्या भागापुरतीच मर्यादित ठेवणारा कायदा हिंदुस्थानात १८५७ मध्ये आला, म्हणजे पहिल्या गिरणीच्या भागधारकांना तेही संरक्षण नव्हते. अशा स्थितीत ज्याच्या पतीवर विश्वास ठेवता येईल अशा एखाद्या नामांकित व्यक्तीकडे किंवा पेढीकडे कारभार सोपवणे हा सर्वांना मानवणारा मार्ग ठरला. या व्यवस्थेला मॅनेजिंग एजन्सी म्हणत. कंपनी कागदोपत्री भागधारकांची, तिचे संचालक मंडळ वेगळे, परंतु प्रत्यक्ष चालवणारी मात्र करारान्वये नेमलेली खाजगी पेढी, असे तिचे स्वरूप होते.

कागदावर ही निवड कंपनीची दिसत असली तरी वस्तुस्थिती उलटी होती. एजंट पेढीच आधी गिरणीची कल्पना काढी, ओळखीच्या लोकांत भाग खपवी, कंपनीचे दस्तऐवज तयार करून घेई आणि त्याच दस्तऐवजांत स्वतःची नेमणूक लिहून ठेवी. ही नेमणूक पुष्कळदा पेढी अस्तित्वात असेपर्यंतची असे आणि पित्याकडून पुत्राकडे वारशाने जाई. सेवा घेणाऱ्याला सेवा देणाऱ्यानेच जन्माला घातले असल्यामुळे दोघांत घासाघीस होण्याचा प्रसंगच आला नाही. मुंबईच्या गिरण्यांचे अनेक पुढचे दोष या एका गोष्टीतून निघाले. मात्र ही व्यवस्था केवळ लबाडीची होती असे मानणे अन्यायाचे ठरेल. ज्या शहरात औद्योगिक कर्ज देणारी बँक नव्हती, भागांचा बाजार सट्ट्याने ग्रासलेला होता आणि अनुभवी व्यवस्थापक मिळत नव्हते, तेथे पेटिट, टाटा, ससून, करीमभाई, ठाकरसी, ग्रीव्हज कॉटन अशा घराण्यांचे किंवा पेढ्यांचे नाव हीच कंपनीची खरी मालमत्ता होती.

सेवा कोणाकडून घ्यायची याइतकेच तिचे मोल कोणत्या मापाने मोजायचे हे महत्त्वाचे असते, आणि या बाबतीत मुंबईने घेतलेला पहिला निर्णय घातक ठरला. आरंभीच्या दशकांत एजंटांना तयार झालेल्या मालाच्या दर पौंडामागे पाव आणा, म्हणजे तीन पै, इतके कमिशन देण्याची रीत रूढ झाली. आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु वर्षाला दहा लाख पौंड सूत काढणाऱ्या गिरणीचा एजंट या दराने १५,६२५ रुपये मिळवी, आणि ते गिरणीला नफा झाला काय किंवा तोटा झाला काय, त्याच्या पदरात पडत. परिणामी सूत खपत नसतानाही चात्या फिरत ठेवण्यात एजंटाचे हित होते. मुंबईचे बरेचसे सूत चीनच्या बाजारावर अवलंबून होते आणि तो बाजार मंदावला की गोदामे भरत. गिरण्यांनी काही दिवस काम कमी करावे असा प्रस्ताव पुढे आला तरी ज्यांनी त्यावर निर्णय घ्यायचा त्यांचेच उत्पन्न त्याने घटणार होते. गिरण्यांची संख्या मात्र वाढतच राहिली. १८६५ च्या सुमारास शहरात दहाएक गिरण्या होत्या, शतक संपताना त्या ऐंशीच्या घरात गेल्या. नवी गिरणी म्हणजे नवी एजन्सी आणि नवी एजन्सी म्हणजे नवे कमिशन, हाही या वाढीमागचा एक हेतू होता.

या मापाविरुद्ध सर्वांत ठसठशीत पाऊल जमशेटजी टाटांनी टाकले. १८८६ मध्ये त्यांनी कुर्ल्याची डबघाईला आलेली धरमसी गिरणी साडेबारा लाख रुपयांना घेतली, तिचे नाव स्वदेशी मिल ठेवले आणि एजंटाचा मोबदला उत्पादनावर न ठेवता नफ्यावर, दहा टक्के या प्रमाणात, ठेवला. मुंबईच्या इतर गिरण्यांनी हा पायंडा हळूहळू आणि बऱ्याच कुरकुरीनंतर उचलला. नफ्यावरचे कमिशनही निर्दोष नव्हते, कारण झीज भरून काढण्यासाठी बाजूला ठेवायची रक्कम कमी दाखवली की नफा फुगतो आणि त्याबरोबर कमिशनही फुगते. तरीही सेवेचे मोल सेवा घेणाऱ्याच्या लाभाशी बांधण्याचा हा प्रयत्न उद्योगाच्या इतिहासात मोलाचा आहे.

स्थळाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा होता. गिरण्या तारदेव, भायखळा, परळ, लालबाग या भागांत उभ्या राहिल्या, परंतु एजंटांच्या कचेऱ्या कोटातच, म्हणजे आजच्या फोर्ट भागातच, राहिल्या, आणि पुढे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बॅलार्ड इस्टेट उभी राहिल्यावर काही तेथे गेल्या. यामागे केवळ प्रतिष्ठा नव्हती. १८७० मध्ये मुंबई ते सुएझ समुद्रतळावरून तार पडल्यावर लिव्हरपूलचा कापसाचा भाव त्याच दिवशी कोटात कळू लागला. बँका, जहाज कंपन्या, विमा पेढ्या, सॉलिसिटर आणि उच्च न्यायालय सगळे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होते. ज्या सेवांचा जीव बातमी आणि पत यांत असतो त्या सेवा बातमी आणि पत जेथे राहतात तेथेच गोळा होतात. गिरणी मात्र पाणी, जमीन आणि मजूर यांच्या सोयीने बसवावी लागे. मुंबईत ही दोन ठिकाणे काही मैलांच्या अंतरावर होती, म्हणून त्यांच्यातील फरक फारसा जाणवला नाही.

तो पहिल्यांदा स्पष्ट झाला नागपूरला. टाटांनी १८७४ मध्ये सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली आणि १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली. वऱ्हाड-नागपूरचा कापूस दाराशी, तयार मालाची बाजारपेठ जवळ आणि मुंबईशी जोडणारा लोहमार्ग, हे लाभ मुंबईत मिळणारे नव्हते. परंतु भांडवल, यंत्रांची खरेदी आणि धोरण यांचा कारभार मुंबईतूनच चालत राहिला. शेकडो मैलांवरच्या पेढीने कारभार पाहायचा तर जागेवर विश्वासाचा आणि अधिकार असलेला माणूस हवा, हे ओळखून टाटांनी रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून बेझनजी दादाभाई मेहता यांना आणले आणि गिरणी त्यांच्या हाती दिली. तांत्रिक बाजू जेम्स ब्रुक्सबी या लँकेशायरच्या जाणकाराने सांभाळली. एम्प्रेस मिलच्या दीर्घ यशाचे श्रेय टाटांच्या दूरदृष्टीला दिले जाते आणि ते योग्यच आहे, परंतु कोणते निर्णय मुंबईत व्हावेत आणि कोणते नागपुरात यांची केलेली विभागणी हा त्या दूरदृष्टीचाच एक भाग होता. मुंबईच्या अनेक गिरण्यांनी ही विभागणी कधी केलीच नाही आणि त्यांचे एजंट लहानसहान खरेदीही कोटातून ठरवत राहिले.

एजंट हा सेवांचा एकमेव पुरवठादार दिसत असला तरी त्याच्यामागे दुसऱ्या पुरवठादारांची लांब रांग होती. यंत्रे बहुतांशी लँकेशायरहून येत, ओल्डमच्या प्लॅट ब्रदर्सचे नाव त्यांत अग्रभागी. आणि यंत्रांबरोबर गिरणीचा आराखडा, यंत्रे बसवणारे कारागीर आणि पुष्कळदा पहिले मास्तरही तेथूनच येत. हे ज्ञान जवळ कोठे मिळतच नव्हते, म्हणून इतक्या दुरून घेतले जाई. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली, जी पुढे १९२३ मध्ये माटुंग्याला गेली आणि आज व्हीजेटीआय म्हणून ओळखली जाते. तेथे शिकलेली पिढी कताई आणि विणाई खात्यांत मास्तर म्हणून रुजू होऊ लागल्यावर लँकेशायरवरचे अवलंबित्व ओसरत गेले.

कापसाची खरेदी ही वेगळी विद्या होती. धाग्याची लांबी, ओल, कचरा आणि भेसळ यांची पारख बोटांच्या चिमटीने करणारे मुकादम आणि दलाल कुलाब्याच्या कॉटन ग्रीनवर असत, आणि हा बाजार १९२० च्या दशकात शिवडीला हलला, जेथील रेल्वे स्थानकाला आजही तेच नाव आहे. विक्रीची बाजू मुळजी जेठा मार्केटसारख्या कापडबाजारांतील अडत्यांकडे असे. गिरणीचा माल घेणाऱ्या शेकडो लहान व्यापाऱ्यांची पत गिरणीला माहीत नसे, म्हणून विक्रीचा अडत्या जादा कमिशन घेऊन वसुलीची हमीही देई. बुडीत खात्याचा धोका अशा रीतीने बाजाराची नाडी जाणणाऱ्याच्या अंगावर जाई. ही बाह्यसेवा अगदी शहाणपणाची होती. घोटाळा तेथे होई जेथे कापसाचा पुरवठादार, कापडाचा अडत्या, कोळसा आणि भांडारसामान देणारा व्यापारी आणि विम्याचा एजंट हे सगळे मॅनेजिंग एजंटाचेच भाऊबंद किंवा त्याच्याच दुसऱ्या पेढ्या असत. प्रत्येक व्यवहारावर वेगळे कमिशन आकारले जाई आणि गिरणीच्या वतीने भाव ठरवणारा तोच, विकणाराही तोच असे. भागधारकांना वार्षिक सभेत दिसे तो शेवटचा नफा. वाटेत काय गळले ते वहीत दिसत नसे. १९१३ च्या कंपनी कायद्याने हिशेब बाहेरच्या तपासनिसाकडून तपासून घेणे बंधनकारक केले आणि अशा रीतीने मालकाच्या मर्जीने नव्हे तर कायद्याच्या आज्ञेने घ्यावी लागणारी एक सेवा गिरण्यांच्या आयुष्यात आली.

तरीही एजंट बदलता येत नव्हता, याचे सर्वांत बळकट कारण पैशात होते. १९३० च्या सुमारास बँकिंग चौकशी समितीने जमवलेल्या आकड्यांनुसार मुंबईतील ६४ गिरण्यांच्या एकूण निधीपैकी ४९ टक्के भागभांडवलातून, २१ टक्के मॅनेजिंग एजंटांच्या कर्जातून, ११ टक्के लोकांच्या ठेवींतून, १० टक्के कर्जरोख्यांतून आणि केवळ ९ टक्के बँकांकडून आलेले होते. बँकेचा हा लहान वाटाही सहजी मिळत नसे, कारण मालाचे तारण असूनही बँका एजंटाची वैयक्तिक हमी मागत. अहमदाबादेतील ५६ गिरण्यांत लोकांच्या ठेवींचे प्रमाण ३९ टक्के होते, म्हणजे तेथे घराण्याच्या नावावर सामान्य माणूस आपली शिल्लक गिरणीत ठेवी. दोन्ही शहरांत तात्पर्य एकच : व्यवस्थापन वाईट म्हणून एजंटाला काढायचे तर त्याचे कर्ज फेडावे लागे आणि त्याची हमीही गमवावी लागे. कारभार आणि कर्ज या दोन सेवा एकाच ठिकाणाहून घेतल्याने पहिली नापसंत असली तरी दुसरी सोडता येत नसे. एकाच एजंटाच्या अनेक गिरण्या असल्या की एकीचा पैसा दुसरीत फिरवला जाई, आणि १९३३ मध्ये करीमभाई घराण्याचा समूह कोसळला तेव्हा चांगल्या चाललेल्या गिरण्यांनाही त्याची झळ बसली. त्या गिरण्यांतल्या हजारो कामगारांनी या कर्जव्यवहारांचा एकही कागद पाहिला नव्हता, पण बंद दरवाजासमोर उभे राहण्याची वेळ त्यांच्यावरच आली.

कामगार मिळवण्याचे कामही अर्धेअधिक बाहेरच होते. जॉबर हा गिरणीच्या पटावरचा माणूस, परंतु तो भरती करी ती आपल्या गावच्या आणि नात्यागोत्याच्या जोरावर. रत्नागिरी, सातारा, कोकण आणि घाट येथून आलेल्या माणसाला काम, गाळ्यात पथारीपुरती जागा, खाणावळ आणि वाण्याकडची उधारी हे सगळे बहुधा जॉबरच्या ओळखीने मिळे आणि त्याबद्दल त्याला दस्तुरी द्यावी लागे. स्त्रियांच्या खात्यांत हेच काम नाईकीण करी. गिरणीच्या मालकाला कोणत्याही सकाळी हवे तितके हात मिळत आणि त्यासाठी वेगळे खाते ठेवावे लागत नसे. सोय मालकाची आणि तिची किंमत कामगाराच्या पगारातून, असा हा व्यवहार होता. १९२९ ते १९३१ या काळात काम केलेल्या शाही कामगार आयोगाने भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून कामगार अधिकाऱ्याकडे द्यावा अशी शिफारस केली आणि १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांच्या नोंदणीची योजना सुरू केली. बाहेर सोपवलेली सेवा पुन्हा कारखान्याच्या आत आणण्याचा मुंबईतील हा पहिला मोठा प्रयत्न होता आणि तो यशस्वी व्हायला दीर्घ काळ लागला.

एजन्सीला कायद्याचा लगाम १९३६ च्या दुरुस्तीने बसला. नेमणुकीची मुदत वीस वर्षांपर्यंत मर्यादित झाली आणि मोबदला निव्वळ नफ्याच्या ठरावीक टक्केवारीने द्यावा असे ठरले, म्हणजे टाटांनी पन्नास वर्षांपूर्वी स्वीकारलेले माप आता सर्वांना लागू झाले. परंतु लगामाने काय साधते आणि काय साधत नाही हे सोलापुरात दिसले. तेथील सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, जिला गावात जुनी मिल म्हणत, १८७० च्या दशकात उभी राहिलेली आणि पुढे देशातील मोठ्या गिरण्यांत गणली गेलेली होती. १९४९ मध्ये ढिसाळ कारभारामुळे ती बंद पडली आणि गावातील हजारो कुटुंबांची चूल थंडावली. केंद्र सरकारने जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून मॅनेजिंग एजंटांना दूर केले, संचालकांच्या जागी स्वतःचे संचालक नेमले आणि पुढे तसा कायदाही केला. १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका भागधारकाचा आक्षेप फेटाळला, परंतु डिसेंबर १९५३ मध्ये दुसऱ्या खटल्यात हे अधिग्रहण मोबदल्याविना मालमत्ता हिरावणारे असल्याचे ठरवले. हे दोन्ही निवाडे घटनात्मक कायद्याच्या अभ्यासकांना पाठ असतात. मात्र त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न, म्हणजे निकामी ठरलेला कारभाराचा पुरवठादार कंपनीला स्वतःहून का काढता आला नाही, हा फारसा विचारला जात नाही.

१९५६ च्या कंपनी कायद्याने एजंटाच्या मोबदल्याला निव्वळ नफ्याच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली, १५ ऑगस्ट १९६० नंतर एका एजंटाला दहापेक्षा अधिक कंपन्या ठेवण्यास मनाई केली, आणि ३ एप्रिल १९७० पासून ही पद्धतच रद्द झाली. कारभार आता संचालक मंडळाकडे आणि पगारी अधिकाऱ्यांकडे आला. बाहेरून घ्यायच्या सेवा उरल्याच, पण त्या सुट्या झाल्या. हिशेब एका पेढीकडे, अभियांत्रिकी सल्ला दुसरीकडे, माहितीची प्रक्रिया तिसरीकडे, आणि प्रत्येक पेढीला आपल्या कामाचे मोल वेगळे सांगावे लागू लागले.

या तिसऱ्या सेवेची सुरुवातही मुंबईतच आणि एका कारखान्याच्या निमित्तानेच झाली. १९६८ मध्ये टाटा सन्सचा एक विभाग म्हणून सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या पहिल्या कामांत जमशेदपूरच्या टिस्को या पोलाद कंपनीसाठी छिद्रपत्रांवर, म्हणजे भोके पाडून माहिती नोंदवलेल्या पत्त्यांवर, हिशेबाची प्रक्रिया करण्याचे काम होते. एम्प्रेस मिलच्या काळातील रचना येथे पुन्हा दिसते : कारखाना दूर, सेवा मुंबईत, आणि दोहोंना जोडणारा धागा घराण्याचा. तो धागा नसलेल्या नव्या पेढ्यांना मात्र दुसरा मार्ग धरावा लागला. १९८१ मध्ये पुण्यात सात अभियंत्यांनी स्थापन केलेल्या इन्फोसिसला देशातील पहिले मोठे गिऱ्हाईक मिळाले ते मायको, म्हणजे इंजिनांचे इंधनपंप आणि स्पार्क प्लग बनवणारी बॉश समूहाची कंपनी. मायकोचा कारखाना बंगळुरूला होता. मुंबईच्या एजंटांनी आपल्या कचेऱ्या गिरण्यांपासून दूर, कोटातच ठेवल्या होत्या. १९८३ मध्ये इन्फोसिसने गिऱ्हाइकाच्या कारखान्याजवळ राहण्यासाठी पुणे सोडले आणि आपले मुख्यालय बंगळुरूला नेले.